सलग तीन दिवस

आप्पांचा फोन सकाळी साडेसहाला वाजला की कारणं दोनच असतात. कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर केळीला काहीतरी झालेलं असतं. त्या जानेवारीत दुसरं होतं.

"पोरी, तुह्याकडे साऱ्या जगाचं तापमान राह्यतं नं? मंग आपल्या गावचं काढून दे. तीन दिवसांचं. आठच्या खाली व्हतं का नाही, एवढंच सांग."

आमचं गाव यावल तालुक्यात. मागे सातपुडा, पुढे तापी आणि मधल्या काळ्या पट्ट्यात केळी. उन्हाळ्यात भुसावळचा पारा 47 वर गेला की राज्यभर बातमी होते, त्यामुळे खान्देश म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं. पण केळीला हिवाळाही तेवढाच नडतो. पारा दहा-बारा अंशांच्या खाली उतरला की तिची वाढ थांबते. पानं पिवळी पडतात, निसवणारा घड खोडातच अडकून बसतो. रात्री बांधावर पाचोळा पेटवून धूर करायचा, विहिरीचं कोमट पाणी सोडायचं, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. आप्पा त्या आठवड्यात तीन रात्री झोपले नव्हते.

फळपीक विम्यात कमी तापमानासाठी एक निकष असतो: सलग तीन दिवस 8 अंश किंवा त्याखाली. आकडा धरायचा तो महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा. आमच्या मंडळाचं केंद्र गावापासून नऊ किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला उघड्यावर आहे. त्याने नोंदवलं होतं 7.6, 7.9 आणि तिसऱ्या दिवशी 8.4. म्हणजे दशांश चार अंशांनी आख्खं मंडळ बाहेर. नाल्यापलीकडचं मंडळ मात्र निकषात बसलं होतं. एकाच पाटाचं पाणी पिणाऱ्या दोन बागा, एकीला पैसे आणि एकीला नाही. गावात दुसरा विषय नव्हता.

आणि गावातली एक मुलगी पुण्यात तापमानावरच पीएच.डी. करत होती.

माझं काम काय, हे घरी समजावणं मला कधी नीट जमलेलं नाही. हवामान म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पाऊस कधी? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिकडे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी तिचं भाकीत पेपरात येतं, आमच्याकडे ते सगळे वाचतात आणि संध्याकाळी मला फोन येतो, "तुह्या कॉम्प्युटरचं अन् त्याचं जमतं का?" मी सांगते, मी यंदाचा पाऊस नाही बघत, पन्नास-साठ वर्षांत थंडीच्या लाटा कशा बदलल्या ते बघते. पलीकडून "बरं बरं" येतं. त्या "बरं बरं" मध्ये काय असतं ते मला कळतं. झालेल्या थंडीचं काय करायचं?

तर त्या दिवशी पहिल्यांदाच गावाला झालेल्या थंडीची गरज पडली होती. खोटं कशाला बोलू, मी हरखले.

माझं सगळं काम ज्यावर चालतं तो साठा म्हणजे एरा-5. युरोपच्या हवामान केंद्राने तयार केलेला. जमिनीवरची केंद्रं, आकाशात सोडलेले फुगे, जहाजं, विमानं, उपग्रह, यांनी जे जे मोजलं ते सगळं एका मॉडेलमध्ये घालून 1940 पासूनच्या प्रत्येक तासाचं जगभरचं हवामान मागे जाऊन पुन्हा उभं केलेलं आहे. साधारण 31 किलोमीटरचे चौकोन, एका चौकोनाला एक आकडा. फुकट मिळतो, ही मोठीच गोष्ट. पण सगळा मिळून तो पेटाबाइटमध्ये, म्हणजे हजारो टेराबाइटमध्ये, मोजावा लागतो. माझ्या वाट्याला सर्व्हरवर आलेली जागा आहे दोन टेराबाइट, त्यामुळे माझ्या दिवसाचा मोठा भाग काय उतरवायचं, काय पुसायचं यात जातो. बाहेरच्यांना वाटतं आम्ही आभाळाकडे बघतो. मी अनेक महिने फक्त एका पट्टीकडे बघत बसले आहे, फाइल किती टक्के उतरली ते सांगणाऱ्या.

या साठ्याची एक खोड आहे, तिच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. त्यात एकही रकाना रिकामा नसतो. जिथे कुणी कधी मोजलं नाही, तिथेही आकडा असतो, आणि तोही दशांशानंतर पाच-सहा स्थळांपर्यंत. हिंद महासागराच्या मधोमध असतो, सातपुड्याच्या दरीत असतो, आमच्या नाल्याकाठच्या बागेवरही असतो.

मी गावाचा चौकोन काढला. तापमान केल्विनमध्ये असतं, त्यातून 273.15 वजा केले. रोजचं किमान काढायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तयारच होती, माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाची सगळी भिस्त तिच्यावर. ती मला एका सिनियरकडून मिळाली, त्याला त्याच्या सिनियरकडून. फाइलचं नाव होतं 'फायनल-नवीन-2'. आतल्या सूचना तिघांच्या तीन तऱ्हांच्या, काही ओळी जुन्या फोरट्रानवरून पायथनमध्ये आणलेल्या. कोड लिहायला मला कुणी शिकवलं नव्हतं. एम.एस्सी.ला आम्ही द्विघाती समीकरण सोडवणारा प्रोग्राम पाठ करून परीक्षेत लिहायचो, कागदावर. पुढचं सगळं व्हिडिओ बघत, चुका करत, दुसऱ्यांच्या स्क्रिप्टा वापरत. माझ्या बरोबरच्या बहुतेकांची हीच गोष्ट आहे. पाककृती आईकडून आली की आपण मिठाचं प्रमाण तपासत नाही, तसंच ते.

उत्तर आलं: 7.1, 6.8, 7.7. सलग तीन.

मी आप्पांना फोन केला. आप्पांनी नानांना सांगितलं. नाना आमचे चुलते, त्यांच्याकडे गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद आहे आणि ते पद ते सरपंचपदाच्या वर मानतात. दुपारपर्यंत "आपल्या गावच्या शास्त्रज्ञ कन्येने युरोपच्या यंत्रणेवरून सिद्ध केले" असा मजकूर माझ्या दहावीच्या सत्काराच्या फोटोसकट फिरत होता. सोमवारी निवेदन घेऊन तहसीलला जायचं ठरलं.

रात्री नानांचा निरोप आला की नुसता आकडा नको, साहेबांना दाखवायला रंगीत आलेख पाहिजे. म्हणून मी रोजच्या किमानाऐवजी तासातासाची रेघ काढली. कुणी रंगीत आलेख मागितला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

रेघेत थंड पहाटा दोनच होत्या.

पुन्हा मोजलं. दोनच. तिसऱ्या पहाटे पारा 8.2 ला थांबला होता. मग स्क्रिप्टला तीन दिवस कुठून दिसले? तासभर काही सुचेना. मग सुचलं आणि अंगावर काटा आला. जगभरचा हवामानाचा डेटा ग्रीनिचच्या घड्याळावर चालतो. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. स्क्रिप्ट दिवस तोडत होती तो ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आमची केळी सर्वात जास्त कुडकुडत असते नेमकी त्या वेळी. एकाच पहाटेचे दोन तुकडे होत होते. साडेचारचा गारठा आदल्या तारखेच्या खात्यात, साडेसहाचा त्या तारखेच्या. थंड पहाटा दोन असल्या की दिवस तीन भरायचे.

युरोपात बसून कुणी ही स्क्रिप्ट लिहिली असती तर त्याला ही चूक कधी दिसलीच नसती. त्यांची मध्यरात्र खरोखर मध्यरात्रच असते. आपल्याकडच्या जुन्या वेधशाळांची रीत मला तेव्हा नव्याने दिसली. भारतीय हवामान विभाग 1875 पासूनचा. तिथे किमान तापमापक सकाळी साडेआठला वाचतात, पाऊसही साडेआठ ते साडेआठ असा चोवीस तासांचा धरतात. अख्खी पहाट एकाच दिवसात पडते, तुटत नाही. पुण्यात शिवाजीनगरला ज्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथून मी रोज बसने जायचे. 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलेल्या त्या कार्यालयातला कुणी कारकून वहीत साडेआठचा आकडा मांडताना जे पाळत होता, ते माझ्या स्क्रिप्टच्या तीन पिढ्यांनी पाळलं नव्हतं.

खरी भानगड तर पुढेच होती. दोन पहाटांचे जे आकडे होते, ते तरी आमच्या गावाचे होते का? नकाशावर चौकोन आखून बघितला. दक्षिणेला आमचं गाव, उत्तरेला सातपुड्याचे उतार. मॉडेलला डोंगर आणि मळा वेगळे दिसत नाहीत, ते दोन्ही कालवून एकच सपाटी करतं. त्यामुळे मॉडेलच्या लेखी आमचं गाव आहे त्यापेक्षा बरंच उंचावर. उंची शंभर मीटरने वाढली की तापमान साधारण अर्ध्या-पाऊण अंशाने उतरतं, हे शाळेतलं गणित. म्हणजे जो गारवा गावाच्या बाजूने साक्ष देत होता, त्यातला काही सातपुड्याचा होता, उसना.

आणि उलटंही खरं असू शकत होतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री डोंगरावरची थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि सखल जागी साचते, पाण्यासारखी. अशा रात्री वरपेक्षा खालीच जास्त गारठा. नाल्याकाठच्या वाफ्याला आप्पा "गारठ्याचं डबकं" म्हणतात, आणि तिथली केळी दरवर्षी आधी पिवळी पडते. ते डबकं 31 किलोमीटरच्या चौकोनात दिसत नाही आणि नऊ किलोमीटरवरच्या रस्त्याकडेच्या केंद्रालाही नाही. म्हणजे नाल्याकाठी तीनही पहाटा सातच्या खाली असणं अगदी शक्य होतं. गावकरी बरोबर असतील. फक्त माझा आकडा ते सांगत नव्हता.

हे सगळं रात्री दीडला माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ होतं. सकाळी आप्पांना सांगताना त्याचा पार चिखल झाला. ग्रीनिच, चौकोन, उतारावरची हवा. आप्पा ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "मंजे तीन नाही."

"नाही आप्पा. मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही का नाही?"

या प्रश्नाला आमच्या क्षेत्रात एक अख्खा शब्दकोश आहे. विश्वासमर्यादा, अनिश्चितता, असं बरंच. मला त्यातलं एकही मराठीत बोलता आलं नाही. मग नानांनी फोन घेतला.

"आकडा आपल्या बाजूनं हाये नं? मंग तू कायले खोडू राह्यली? कंपनीवाले खोडतील ते खोडतील."

याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कंपनीच्या बाजूला एक केंद्र होतं, एक करार होता. आमच्या बाजूला मी होते, आणि मीच आपला साक्षीदार फोडला. निवेदन गेलं नाही. गेलं असतं तरी करारात मंडळाच्या केंद्राचाच आकडा धरतात, युरोपचा कुणी विचारत नाही, हे मी नानांना सांगितलं. त्यांना ते पळवाट वाटलं, आणि थोडी ती होतीच. ग्रुपवर मात्र त्यांनी काही लिहिलं नाही. माझा सत्काराचा फोटो तसाच वर सरकत गेला, शुभ सकाळच्या फुलांखाली.

गावाची गोष्ट तिथे थांबली, माझी सुरू झाली. कारण त्याच स्क्रिप्टवर माझं दुसरं प्रकरण उभं होतं. थंडीची लाट म्हणजे काय, तर सलग काही दिवस अमुक तापमानाखाली. सलग. प्रत्येक लाट मी एका दिवसाने लांब मोजली होती. त्यावरचा लेख एका नियतकालिकाकडे गेलेला, दोन परीक्षकांनी तपासलेला. एकाने प्रस्तावना लांबली म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याने नकाशाचे रंग बदलायला. दिवस कुठे तोडलास, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. विचारलं एका केळीवाल्याने, तेही न कळत.

लेख मागे घेतला. माझे मार्गदर्शक भले माणूस आहेत, रागावले नाहीत. "बरं झालं आत्ता सापडलं," एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, कारण वार्षिक अहवालात त्या लेखाचं नाव जाऊन बसलेलं होतं. सगळं नव्याने काढायला चार महिने गेले. निष्कर्ष मोडला नाही, पण निम्मा झाला. या चार महिन्यांना बायोडेटामध्ये रकाना नाही. लेख किती, परिषदा किती, पुरस्कार किती, एवढंच विचारतात. अमुक चूक स्वतः शोधली आणि तमुक लेख मागे घेतला, हे कुठे लिहायचं? लिहिलं तर नोकरी देणारा काय समजेल?

आणि फेलोशिपचं घड्याळ ग्रीनिचचं नसतं, ते आपल्याच वेळेने पळतं. पाच वर्षं. 2023 पासून कनिष्ठ फेलोला महिना 37,000 मिळतात, पुढे 42,000. आकडा वाईट नाही, पण तो दर महिन्याला येईलच असं नाही. कधी तीन-तीन महिने अडकतो आणि मग एकदम येतो, वळवासारखा. माझ्याच वर्गातला एक मित्र हीच पायथन भाषा घेऊन हिंजवडीला एका कंपनीत गेला. तो ग्राहक साबण कधी विकत घेतील त्याचा अंदाज काढतो आणि माझ्या तिप्पट कमावतो. आई त्याचं नाव फार सहज घेते. मी रागावत नाही. साबणाच्या डेटात चूक झाली तर फोनवर चुलत्याला तोंड द्यावं लागत नाही, एवढं मात्र मनात येतं.

हल्ली नवीन धास्ती आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. 2023 मध्ये ग्राफकास्ट आलं, दहा दिवसांचा जगाचा अंदाज मिनिटभराच्या आत काढणारं. आमच्या चहाच्या टेबलावर दोन आठवडे सुतक होतं. ज्यांनी आयुष्य समीकरणांत घातलं ते सिनियरही गप्प. पण ते शिकलं कशावर? एरा-5 वरच. म्हणजे त्यालाही आमचं गाव डोंगरावरच वाटत असणार. हे ऐकून टेबलावरचे दोघे हसले, बाकीचे आपापली भरतीची जाहिरात बघत राहिले.

चौकोन लहान होताहेत, हे खरं आहे. 2025 च्या मे महिन्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडवलेली, हवामानाचा अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, तिचा चौकोन 6 किलोमीटरचा. सहा किलोमीटरात सातपुडा आणि मळा वेगळे पडतील. नाला तरीही पडणार नाही. आमचा नाला उडी मारून ओलांडता येतो.

त्यानंतरच्या दिवाळीला मी गावी गेले ती तीन तापमान लॉगर घेऊन. काडेपेटीएवढी यंत्रं, दर दहा मिनिटांनी नोंद घेणारी, फेलोशिपच्या पैशांतून घेतलेली. ऊन लागू नये म्हणून कुंड्यांखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्यांची उतरंड करून त्यांत बसवली. एक नाल्याकाठी, एक वरच्या वाफ्यात, एक घराच्या गच्चीवर. नानांनी लांबून बघितलं. "ह्याचा आकडा कुणाच्या बाजूनं येईल?" त्यांनी विचारलं. माहीत नाही म्हटलं. "यंदा आधीच सांगितलं, बरं केलं," म्हणाले, आणि बांबू धरायला आले.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिन्ही नीट चालले. निरभ्र रात्री नाल्याकाठचा लॉगर वरच्यापेक्षा दीड ते दोन अंशांनी खाली असायचा. ढगाळ रात्री फरक नाहीसा व्हायचा. आप्पांचं डबकं खरं होतं. मला इतका आनंद झाला की मार्गदर्शकांना रात्रीच आलेख पाठवला. ते म्हणाले, छान आहे, पण एक हिवाळा, तीन जागा, याचा लेख होत नाही. बरोबरच आहे. मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

मग वरच्या वाफ्यातला लॉगर गेला. ज्या बांबूला तो बांधला होता तोच घडाला टेकू म्हणून कुणी उपसला असावा, कापणीचा दिवस होता, मजुरांची घाई. घड पानांत गुंडाळून ट्रकमध्ये भरले, गाडी सावद्याच्या केळीबाजाराकडे गेली. आप्पांचा अंदाज असा की लॉगर दिल्लीला पोचला. तसं असेल तर तो आजही कुठल्यातरी मंडईतलं तापमान दर दहा मिनिटांनी इमानदारीने टिपत असेल, बॅटरी वर्षभर पुरते.

मला वाटलं, संपलं. दोन दिवसांनी पहाटे फोनवर फोटो आला. आप्पांनी जळगावहून भिंतीवरचा साधा काचेचा तापमापक आणला होता आणि तो वरच्या वाफ्यात बांबूला टांगला होता. फोटो हललेला, काचेवर दव, लाल रेघ कशीबशी दिसणारी, खाली आप्पांचा अंगठा. शेजारी वेळ: 6:32. दुसऱ्या दिवशी पुन्हा. 6:29. मी त्यांना सांगितलं, बॅटरीचा उजेड फार जवळून मारू नका, श्वास लागू देऊ नका, डोळा रेघेच्या समोर ठेवा. "शाळेत शिकवलं व्हतं ते," म्हणाले. ते मॅट्रिक आहेत.

मी एक फाइल उघडली आहे. दोन रकाने, तारीख आणि अंश. एका किलोबाइटचीही नाही. फोटो बघून मी हाताने आकडा भरते, शेजारी वेळ लिहिते, आपली वेळ. 9.5, 9, 8.5. पाव अंशाच्या खाली काही कळत नाही, तसंही लिहून ठेवलं आहे. मध्ये एकदा 8 च्या जवळ आलं तेव्हा नानांचा फोन आला होता, फोटोच्या आधी. "किती?" एवढंच विचारलं.

17 जानेवारीचा फोटो नाही. आप्पा भुसावळला एका लग्नाला गेले होते आणि मुक्काम पडला. नाल्याकाठच्या आकड्यावरून वरचा काढता येतो, एक ओळीचं समीकरण आहे, माझ्याकडे ते तयार आहे. रकाना मी तसाच ठेवला आहे. शेजारी लिहिलं आहे: लग्न.